धागा जळलाच नाही तर?

नववीच्या वर्गात मी सुताराची पोलादी टेप घेऊन गेलो. हातभर पट्टी बाहेर काढली, ती हवेत सरळ उभी राहिली. बोटाभोवती गुंडाळून सोडली, तर क्षणात पुन्हा ताठ! “मुलांनो, अशीच पट्टी अंतराळातही जाते,” म्हटल्यावर वर्ग हसला. पण ही थट्टा नव्हती.

२२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ उपग्रह अंतराळात नेला. १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन जेमतेम एक किलो. अशा उपग्रहांना क्यूबसॅट म्हणतात. हे माप १९९९ मध्ये अमेरिकेतील जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या प्राध्यापकांनी ठरवले.

असे अनेक उपग्रह ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्या रेडिओ लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर. साधा अँटेना तिच्या पाव हिस्सा, म्हणजे १७ सेंटिमीटरचा लागतो. मग १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर तो बसवायचा कसा?

इथे टेप कामी येते. तिला आडवा बाक असतो, म्हणून ती गुंडाळता येते आणि सुटताच ताठ होते. ती उपग्रहाभोवती वळवून नायलॉनच्या धाग्याने बांधतात. धाग्याला बारीक नायक्रोमची तार टेकलेली असते. रॉकेटपासून सुटल्यावर क्यूबसॅटच्या नियमाप्रमाणे किमान ३० मिनिटे थांबायचे, मग तारेत वीज सोडायची. तार तापते, धागा वितळून तुटतो, अँटेना उघडतो.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, धागा जळलाच नाही तर?”

खरा प्रश्न हाच! तिथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. नासाच्या गॅलिलिओ यानाचा छत्रीसारखा मुख्य अँटेना १९९१ मध्ये नीट उघडलाच नाही. पुढचे सारे काम छोट्या अँटेनावर भागवावे लागले. छोट्या उपग्रहाला तर बहुधा दुसरा अँटेनाच नसतो. तो मुका झाला, की वर्षांची मेहनत वाया. म्हणून जाणकार एकाऐवजी दोन तारा लावतात. धागा हादऱ्याने आधीच तुटणार नाही ना, थंडीत आणि निर्वात पोकळीत वेळेवर जळेल ना, हे जमिनीवरच पुन्हा पुन्हा तपासतात.

घरात मूल “असं नाही झालं तर?” असे विचारू लागले, तर त्याला शंकेखोर म्हणून गप्प करू नका. उपग्रहाची वाचा अशाच प्रश्नांनी शाबूत राहते.