ग्रीसचें कर्ज आणि लोकांचा उडालेला विश्वास

धनको आणि ऋणको यांचा व्यवहार आमच्या वाचकांस नवा नाहीं. ऋणको हा खुद्द एक देश असला म्हणजे काय होतें, हें ग्रीसच्या हकीकतीवरून चांगलें कळतें, म्हणून ती येथें देत आहों.

ग्रीसनें सन २००१ मध्यें आपलें द्राख्मा हें जुनें नाणें सोडून युरो हें सामाईक नाणें स्वीकारिलें. त्याबरोबर जर्मनीसारख्या सधन देशास ज्या दरानें कर्ज मिळे, जवळजवळ त्याच दरानें ग्रीसलाही मिळूं लागलें. शेजाऱ्याची पत पाहून आपल्यास उधार मिळावें, तसाच हा प्रकार! तेथील दोन्ही प्रमुख पक्षांस हा मोह आवरला नाहीं. पुढें अडचण आली तेव्हां नाण्याचा भाव उतरवून निभावून नेण्याची जुनी वाट मात्र बंद झालेली होती.

ऑक्टोबर २००९ मध्यें नवें सरकार आलें आणि पाहतें तों पूर्वीच्या हिशेबांतील तुटीपेक्षां खरी तूट दुपटीहून अधिक. फेरतपासणींत ती देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या शेंकडा १५ च्या आसपास निघाली. वहीच खोटी ठरल्यावर सावकार थांबतो कशाला?

‘बाजारानें व्याज वाढविलें’ असें वृत्तपत्रांत येई, त्याचा अर्थ असा: १०० रुपयांच्या रोख्यावर सालीना ५ रुपये व्याज ठरलेलें आहे. धारकानें धास्तीनें तो ५० रुपयांस विकला, तर घेणारास तेच ५ रुपये ५० वर मिळतात; म्हणजे दर शेंकडा १० झाला. मग सरकारला नवें कर्जही त्याच चढ्या दरानें काढावें लागतें. व्याज चढलें कीं फेड अवघड, आणि फेड अवघड दिसली कीं रोखा आणखी स्वस्त. २०१२ च्या आरंभीं ग्रीसच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा दर शेंकडा ३० च्या वर गेला होता.

मे २०१० मध्यें युरोपांतील राष्ट्रें व आंतरराष्ट्रीय नाणेनिधि यांनीं ११० अब्ज युरोंचें कर्ज देऊं केलें. अट अशी कीं पगार व निवृत्तिवेतनें कापावीं आणि कर वाढवावे. या पैशाचा मोठा भाग जुन्या धनकोंकडेच परत गेला, त्यांत फ्रान्स व जर्मनी येथील बँका होत्या. ‘कर्ज काढलें पुढाऱ्यांनीं, वांचल्या बँका, आणि पोट आवळावयाचें आम्हीं’, ही लोकांची तक्रार. ती बव्हंशीं खरी होती असें आमचें मत आहे. कर चुकविण्याची चाल तेथें बरीच रूढ होती, हेंही मात्र विसरतां येत नाहीं.

नोव्हेंबर २०११ मध्यें पंतप्रधान पापान्द्रेऊ यांनीं लोकमत घेण्याचा बेत चार दिवसांत सोडला आणि राजीनामा दिला. त्यांच्या जागीं युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष पापाडेमॉस आले. त्यांस कोणीं निवडून दिलें नव्हतें. मे २०१२ च्या निवडणुकींत पापान्द्रेऊंच्या पक्षाचीं मतें शेंकडा ४४ वरून १३ वर आलीं.

त्याच वर्षीं फेब्रुवारींत एक गोष्ट घडली, ती आमच्या वाचकांस विशेष वाटेल. नेव्रोकोपी भागांतील बटाटा दलालांकडून दुकानांत जाई, तेथें किलोस ६० सेंटांहून अधिक भाव पडे, आणि पिकविणाऱ्याच्या हातीं फारच थोडें येई. कातेरिनी शहरांतील कांहीं स्वयंसेवकांनीं आधीं गिऱ्हाइकांच्या मागण्या नोंदविल्या व शेतकऱ्यांस गाड्या भरून थेट बोलाविलें. बटाटा सुमारें २५ सेंटांस गेला. गिऱ्हाइकाचा खर्च निम्म्याहून कमी झाला, शेतकऱ्यास रोख पैसा मिळाला, आणि ही रीत इतर शहरांतही पसरली. पुढाऱ्यांवर व बाजारावर रुसलेले लोक वजनकांट्यापाशीं एकमेकांवर मात्र विश्वास ठेवूं शकले. देशाच्या कर्जास अर्थातच यानें धक्काही लागला नाहीं.

२०१३ मध्यें बेकारी शेंकडा २७ वर गेली. जून २०१५ च्या अखेरीस बँका बंद होऊन दिवसास ६० युरोच काढतां येऊं लागले. ५ जुलै रोजीं शेंकडा ६१ मतदारांनीं धनकोंच्या अटी नाकारिल्या. आठ दिवसांनीं त्याच सरकारनें तशाच कडक अटी मान्य केल्या. तिसऱ्या कर्जाची मुदत ऑगस्ट २०१८ मध्यें संपली. फेड पुढील कित्येक दशकें चालावयाची आहे.