एव्हरेस्टहून विरळ

मटणाची नळी ताटाच्या काठावर ठोकून आतला लोण्यासारखा गर ओढून घेताना आपण एका गजबजलेल्या वस्तीवर ताव मारत असतो. या मज्जेतच मूलपेशी राहतात. पुढे त्यांतली एखादी हाड होते, एखादी कूर्चा, एखादी नुसतीच चरबी.

मज्जेत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तेव्हा तिथे ऑक्सिजनची चंगळ असेल असं कोणालाही वाटेल. २०१४ साली बॉस्टनमधल्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या कवटीत तो मोजला. मोजण्याची रीतही देखणी. रक्तात असा पदार्थ सोडायचा, जो लेझरची तिरीप पडली की चमकतो, आणि भोवती ऑक्सिजन जितका जास्त तितका लवकर विझतो. विझायला लागलेला वेळ मोजला की ऑक्सिजन कळला! मज्जेत त्याचा दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरच्या खाली निघाला, खोलवर तर दहाच्या आसपास. समुद्रसपाटीच्या हवेत तो १६०च्या घरात असतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर त्याच्या एक तृतीयांश. म्हणजे मज्जेतल्या पेशी जन्मभर एव्हरेस्टहून विरळ हवेत नांदतात.

आणि आपण त्यांना प्रयोगशाळेत कसं वाढवतो? ३७ अंशांच्या उबदार पेटीत, गुलाबी द्रवात, जवळपास खोलीतल्या हवेइतक्या ऑक्सिजनमध्ये. पाहुणचार चांगला, पण पाहुण्यांना मानवत नाही. दोन-तीन टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवल्या, तर त्याच पेशी जास्त काळ वाढत राहतात, उशिरा म्हाताऱ्या होतात, आणि हाड व्हायची घाईही करत नाहीत.

तुटवडा त्यांना कळतो कसा, हे उलगडल्याबद्दल सेमेन्झा, केलिन आणि रॅटक्लिफ यांना २०१९चं नोबेल मिळालं. पेशी एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रथिन अखंड घडवत असते आणि ऑक्सिजन असला की काही मिनिटांतच ते मोडीत काढते. भाकऱ्या थापत राहायचं आणि तव्यावरून उतरताच फेकून द्यायचं, असा हा कारभार. मला तो आधी शुद्ध उधळेपणा वाटला. पण ऑक्सिजन घटला की फेकणं थांबतं, भाकऱ्या आयत्या साठतात. ते प्रथिन पेशीकेंद्रात शिरून साखर ऑक्सिजनशिवाय वापरायची तयारी करतं आणि नव्या रक्तवाहिन्यांना सांगावा धाडतं.

हे फेकायचं काम करणाऱ्या विकराला लोह लागतं. मग लोहच पळवलं तर? थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात वारंवार रक्त चढवून साठलेलं लोह उपसायला डेफेरॉक्झामिन हे औषध वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात घडलेल्या अंजली कुसुंबे आणि त्यांच्या जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ते म्हाताऱ्या उंदरांना दिलं. वयाबरोबर आटलेल्या, हाडाच्या वाढीला हात देणाऱ्या खास रक्तवाहिन्या पुन्हा फुटल्या आणि हाड घडवणाऱ्या पेशीही वाढल्या. ऑक्सिजन होता तेवढाच, पेशींना फक्त हूल दिली होती.

मोडलेल्या हाडातली मोठी पोकळी भरताना मात्र हूल पुरत नाही. तिथे सच्छिद्र सिरॅमिकची परांची उभारून तिच्यात मूलपेशी पेरतात. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन झिरपतो जेमतेम दशांश-दोन दशांश मिलिमीटर, आणि परांची सेंटिमीटरभर जाडीची. नव्या वाहिन्या आत पोचेपर्यंत मधल्या पेशी पटापट मरतात. गुदमरूनच, असं बरीच वर्षं धरून चाललं होतं. पॅरिसच्या एका गटाने पडताळून पाहिलं: ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर आणला, पण ग्लुकोज भरपूर ठेवलं. पेशी कित्येक दिवस तगल्या. ग्लुकोज संपलं, तेव्हा मेल्या. मग त्यांनी पेशींसोबत ग्लुकोजची शिदोरी भरलेली जेल उंदरांच्या अंगात बसवली, आणि दोन आठवड्यांनी मोजलं तर शिदोरीवाल्या पेशी कितीतरी जास्त जिवंत होत्या.