ऊन पाणी आणि विजेचा दर

खर्डा हें नांव काढलें कीं मराठी माणसास १७९५ सालची लढाई आठवते. परंतु आज त्या गांवांतील, किंबहुना नगर जिल्ह्यांतील कोणत्याही गृहस्थास थंडीच्या दिवसांत रोज पहांटे जी चिंता पडते ती फार साधी आहे: घरांतील सर्वांस अंघोळीला ऊन पाणी वेळेवर आणि माफक खर्चांत कसें मिळावें? पुष्कळ घरांतून तांब्याचा बंब गेला, विजेचा गीझर आला, आणि आतां 'हीट पंप' नांवाचें यंत्र बाजारांत आलें आहे. हें यंत्र घेतल्यास विजेचा कोणता दर लागू पडेल, आणि तो निवडणें आपल्या हातीं कितपत आहे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. गीझरमध्यें वीज तारेच्या वेटोळ्यांतून जातांना तिची उष्णता होते. एका युनिटापासून एका युनिटाइतकीच उष्णता मिळते, अधिक नाहीं. हीट पंप उष्णता निर्माण करीत नाहीं. तो ती बाहेरच्या हवेंतून उपसून पाण्यांत आणून सोडतो. आपल्या घरांतील फ्रीज आंतील उष्णता काढून पाठीमागें टाकतो. तीच क्रिया येथें पाणी तापविण्याच्या कामीं लावलेली असते. हवा आपणांस गार वाटली तरी तिच्यांत उष्णता असतेच. ती उपसण्यापुरतीच वीज खर्ची पडत असल्यामुळें आपल्याकडील हवेंत एका युनिटामागें सुमारें तीन युनिटांची उष्णता पदरांत पडते. हवा जितकी उबदार तितकें हें प्रमाण चढतें, आणि हवा गारठली कीं उतरतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी; ती पुढें उपयोगी पडेल.

आतां थोडा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. पांच माणसांच्या घरांत २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यावयाचें असल्यास ६,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारें ७ युनिटें लागतील. गीझरवर हीं महिन्याचीं २१० युनिटें झालीं. हीट पंपास त्यांच्या तिसऱ्या हिश्शांत, म्हणजे ७० युनिटांत, तेंच काम साधतें.

दराकडे वळूं. इंग्लंडांत गृहस्थास निरनिराळ्या वीजकंपन्यांच्या दरपत्रकांतून आपल्या सोयीचें एक निवडतां येतें. रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारा 'इकॉनॉमी सेव्हन' हा प्रसिद्ध दर तेथें १९७८ सालीं सुरू झाला. खर्ड्यास तशी निवड नाहीं. येथें वीज महावितरणची, आणि तिचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानें ठरविलेला. तेव्हां 'कोणता दर घ्यावा' या प्रश्नाचें येथील रूप निराळें आहे. आपलीं युनिटें कोणत्या टप्प्यांत पडूं द्यावींत, आणि यंत्र कोणत्या वेळीं चालवावें, हे दोन निर्णय मात्र सर्वस्वीं आपले आहेत.

घरगुती विजेचा आकार टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिलीं १०० युनिटें सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंतचा टप्पा, मग ५०० पर्यंतचा, आणि त्यापुढें सर्वांत महाग. पुष्कळांचा समज असा असतो कीं, एखादी सीमा एका युनिटानें ओलांडली तरी सर्वच युनिटांस वरचा दर लागतो. तें खरें नाहीं. वरचा दर सीमेपलीकडील युनिटांपुरताच असतो. मात्र याचाच दुसरा अर्थ असा कीं, घरांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याचीं युनिटें ढिगाच्या माथ्यावर पडतात. म्हणून त्याचा खर्च बिलाच्या सरासरी दरानें मोजूं नये. ज्या टप्प्यांत आपलें शेवटचें युनिट पडतें त्या दरानें मोजावा.

समजा, एका घरांत दिवे, पंखे, फ्रीज वगैरे मिळून महिना १८० युनिटें जळतात. गीझर लावल्यास बेरीज ३९० होते, आणि ९० युनिटें तिसऱ्या टप्प्यांत जातात. हीट पंप लावल्यास बेरीज २५० होते, आणि घर दुसऱ्याच टप्प्यांत राहतें. शिवाय दर युनिटामागें वहन आकार व इंधन समायोजन आकार येतो, आणि त्यांवर १६ टक्के वीज शुल्क बसतें. वांचलेल्या प्रत्येक युनिटाबरोबर हेही वांचतात. स्थिर आकार मात्र तसाच राहतो. तो सिंगल फेजपेक्षां थ्री फेज जोडणीस अधिक असतो. म्हणून केवळ या यंत्रासाठीं जोडणी बदलण्याच्या भरीस पडूं नये. घरगुती हीट पंपास बहुधा गीझरहून कमीच भार लागतो.

आतां वेळेचा प्रश्न. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनीं दिवसाच्या सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग ठेवण्याचें धोरण घालून दिलें. महाराष्ट्रांत १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील वापरावर युनिटामागें ८० पैशांची सवलत लागू झाली. कारण उघड आहे. सौर वीज भर दुपारीं भरपूर असते, आणि सूर्य मावळला कीं तीच दुर्मिळ होते. दर आणि सवलती आयोगाच्या आदेशांप्रमाणें बदलतात; तेव्हां आपल्या ताज्या बिलावर सवलतीची ओळ आहे कीं नाहीं तें पाहूनच हिशेब मांडावा.

विलायतेंतील गृहस्थास 'यंत्र रात्रीं चालवा' असा सल्ला मिळतो, तो तेथील दरास धरून असतो. आपल्याकडे तो उलटा पडेल. हिंवाळ्याच्या रात्रीं हवा गार, म्हणून यंत्र अधिक वीज खाईल. आणि सवलतही मिळणार नाहीं. दुपारीं हवा उबदार, वीज सवलतीची. दोन्ही लाभ एकाच वेळीं मिळतात. बारा ते चारच्या दरम्यान पाणी तापवून ठेवावें. टाकीचें वेष्टण चांगलें असल्यास सकाळपर्यंत तें थोडेंच निवतें. गीझरला ही सवड नसते. तो पहांटे, ऐन घाईच्या वेळीं लावावा लागतो.

तथापि लाभाचें प्रमाण विसरूं नये. ७० युनिटांवर ८० पैशांची सवलत म्हणजे महिना ५६ रुपये. उलट यंत्रामुळें वांचणारीं युनिटें १४०. सर्व आकार मिळून युनिट १० रुपयांस पडतें असें धरलें, तर १,४०० रुपये. म्हणजे मोठी बचत यंत्राची, वेळेची बचत ही वरकड.

खरेदीपूर्वीं आणखी तीन गोष्टी पाहाव्या. घरावर स्वतःचें उघडें छप्पर असेल, तर सूर्याच्या उन्हानें थेट पाणी तापविणारा सौर बंब आधीं विचारांत घ्यावा. त्याला वीज जवळजवळ लागतच नाहीं. हीट पंप मुख्यतः सावलीतील घरांस व सदनिकांस सोयीचा. ज्या घरीं दोन बादल्यांचेंच काम आहे, तेथें या महाग यंत्राची किंमत भरून येण्यास फार काळ लागेल. आणि यंत्रांत साहाय्यास म्हणून गीझरसारखें वेटोळें बसविलेलें असेल, तर तें एरवीं बंद ठेवावें; तें चालू राहिलें कीं यंत्र गीझरच्या मोलानें पाणी तापवूं लागतें, आणि घेतलेल्या यंत्राचा हेतूच बुडतो. विहिरीचें पाणी क्षारयुक्त असल्यास टाकी वेळोवेळीं साफ करवून घ्यावी, हेंही ओघानें आलें.

तेव्हां क्रम असा ठेवावा: आधीं गेल्या बारा महिन्यांचीं बिलें काढून आपलें शेवटचें युनिट कोणत्या टप्प्यांत पडतें तें पाहावें; मग ऊन पाण्याचीं युनिटें मोजावीं; आणि सर्वांत शेवटीं घड्याळ लावावें.