सतरा दिवसांची डेक्कन क्वीन आणि एक मोहरी

सकाळी पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन डोळ्यांसमोर आणा. मुंबईपर्यंत १९२ किलोमीटर, संध्याकाळी तेवढेच परत. आता समजा, धावता धावता ही गाडी रुळांलगत अक्षरे छापत चालली आहे. एकेक अक्षर दोन मिलिमीटरचे, मोहरीच्या दाण्याएवढे. छापायचा आहे माणसाचा जनुकीय मजकूर. आईकडून आलेली एकच प्रत घेऊ, वडिलांकडची राहू द्या. किती दिवस लागतील?

जवळजवळ सतरा दिवस! रोज जाऊन-येऊन सतरा दिवस, मोहरीला मोहरी चिकटवत ६४०० किलोमीटर! कारण त्या एका प्रतीत अक्षरे आहेत ३२० कोटी. वाचायला बसलात आणि सेकंदाला एक अक्षर या वेगाने, न जेवता, न झोपता वाचत राहिलात, तर १०१ वर्षे लागतील. आणि एवढ्या मोठ्या पोथीची वर्णमाला केवढी? चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. बस.

आता या सतरा दिवसांच्या मजकुरात एकच मोहरी चुकली. ए हवा होता तिथे टी पडला. आई आणि वडील, दोघांकडून आलेल्या प्रतींत हीच चूक असली की सिकलसेल आजार होतो. गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या कितीतरी घरांना हे सांगावे लागत नाही. ६४०० किलोमीटरमध्ये दोन मिलिमीटरची चूक, आणि आयुष्यभराचे दुखणे!

मग एवढ्या पसाऱ्यात नेमकी जागा शोधून तिथेच कात्री चालवायची कशी? याचे उत्तर ज्यांनी दिले त्यांतल्या एक जेनिफर डाउडना. जन्म १९६४चा, बालपण हवाई बेटांवरच्या हिलो गावात. शाळेच्या वयात वडिलांनी, हा मजकूर ज्या रेणूत असतो त्या डीएनएच्या रचनेच्या शोधाची गोष्ट सांगणारे जेम्स वॉटसन यांचे पुस्तक हाती ठेवले. १९८९मध्ये हार्वर्डची पीएचडी, पुढे येल, २००२पासून बर्कली. बहुतेक सारी वर्षे आरएनए नावाच्या रेणूचा आकार समजून घेण्यात गेली. २०११मध्ये पोर्तो रिकोतल्या एका परिषदेत त्यांना जिवाणूंवर काम करणाऱ्या इमान्युएल शार्पेंतिए भेटल्या. दोघींचा विषय जुळला. पुढच्याच वर्षी, जून २०१२मध्ये, दोघींच्या चमूंनी मिळून ‘क्रिस्पर-कॅस९’ या कात्रीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २०२०मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल दोघींनाच मिळाले.

ही कात्री जिवाणूंची. विषाणू अंगावर चालून आला की त्याचा डीएनए कापायला ती त्यांनी बाळगलेली. आणि शत्रू तरी किती! पृथ्वीवर जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंची संख्या अंदाजे १ वर ३१ शून्ये एवढी धरतात. एक विषाणू मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा. पण सगळे एका रांगेत उभे केले तर रांग २० कोटी प्रकाशवर्षे लांब जाईल! शेजारची देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्यापर्यंतचे अंतर ऐंशी वेळा कापा, मग रांगेचे टोक दिसेल. एवढ्या फौजेशी झुंजत तयार झालेले हत्यार आहे हे.

आता ही कात्री माणसाच्या पेशीत सोडू. पेशीचे केंद्रक म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग सहा वेळा घ्या, तेवढे. दिसणार कसे? म्हणून सगळेच दहा लाख पटींनी मोठे करू. केंद्रक आता सहा मीटर रुंद, शेतातल्या एखाद्या विहिरीएवढे. त्यातला डीएनए म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची सुतळी. किती लांब? २००० किलोमीटर! मुंबईहून नागपूरमार्गे थेट हावड्यापर्यंत पोचेल एवढी सुतळी, ४६ तुकड्यांत, एका विहिरीत! गुंता न होता, रोज उलगडत आणि पुन्हा गुंडाळत!

आणि कात्री? चिंचोक्याएवढी. तो चिंचोका विहिरीत पडतो, सुतळी चाचपत फिरतो आणि आपली ठरलेली २० अक्षरे शोधतो. विहिरीच्या मापाने ती जागा सात मिलिमीटरची. हावड्यापर्यंतच्या सुतळीवर सात मिलिमीटर! सापडली की तिथेच काप.

वीसच अक्षरे कशी पुरतात? प्रवासी बॅगेचे कुलूप आठवा. तीन चकत्या, हजार जुळण्या. इथे चकत्या वीस आणि प्रत्येकीवर चार अक्षरे. जुळण्या होतात १,०९,९५१ कोटी १६ लाख २७ हजार ७७६! सेकंदाला एक जुळणी तपासली तरी ३४ हजार ८०० वर्षे लागतील. आपला मजकूर ३२० कोटी अक्षरांचा, जुळण्या त्याच्या ३४० पट. म्हणून नीट निवडलेला वीस अक्षरी पत्ता सहसा एकाच घरी पोचतो. जवळपास सारखा दिसणारा दुसरा पत्ता आधीच हुडकून ठेवणे, हेच या कामातले मोठे जोखमीचे काम.

आणि आता मुख्य हिशेब. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने सिकलसेलवरच्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्परवर आधारलेला, मान्यता मिळालेला हा जगातला पहिला उपचार. निबंधापासून मान्यतेपर्यंत साडेअकरा वर्षेही लागली नाहीत! यात चुकलेल्या अक्षराला हात लावत नाहीत. दुसऱ्याच जागी एक खटका कापतात आणि गर्भात असताना चालणारे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते. त्यासाठी रुग्णाच्या रक्तपेशी घडवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात, दुरुस्त करतात आणि परत देतात. किती? वजनाच्या दर किलोमागे किमान ३० लाख. साठ किलोच्या माणसाला किमान १८ कोटी पेशी.

अठरा कोटी विहिरी! २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. माणशी एक विहीर वाटली तरी पावणेसात कोटी उरतील. फुगवलेली मापे सोडा, खरी घ्या. एका पेशीत दोन मीटर डीएनए, म्हणजे त्या एका मात्रेत ३ लाख ६० हजार किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर आहे. एका माणसाच्या शिरेत चढवलेल्या औषधात जवळजवळ चंद्रापर्यंतचा धागा!

अमेरिकेत २०२३मध्ये याची किंमत ठरली २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. १८ कोटी पेशी, १८ कोटी रुपये: पेशीला रुपया. ऐकायला स्वस्त वाटते. पण रोज ३०० रुपये मजुरी मिळवणाऱ्याला, एकही खाडा न करता आणि एकही पैसा न खर्चता, हे पैसे जमवायला १६४३ वर्षे लागतील. वाकाटकांच्या काळात विदर्भात कामाला लागलेल्या मजुराची रक्कम आज पुरी झाली असती!

म्हणून पुढची बातमी मला सर्वांत मोठी वाटते. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी घडवलेले देशी क्रिस्पर तंत्र, बिरसा मुंडांच्या नावाचे ‘बिरसा १०१’, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले. ते कमी खर्चात रुग्णांपर्यंत नेणे, हेच उद्दिष्ट.

६४०० किलोमीटरच्या मजकुरात जागा कशी शोधायची, हे आता माणसाला येते. उरले आहे पुणे ते गडचिरोली अंतर. ते हजार किलोमीटरही नाही.