बृहदांत्र व गुदाशयाच्या कर्करोगात टेलोमिअर आणि टेलोमरेज यांची भूमिका

मानवी गुणसूत्रांच्या टोकांशी टीटीएजीजीजी ही सहा अक्षरांची क्रमावली शेकडो ते हजारो वेळा पुनरावृत्त झालेली असते. या टोकांना 'टेलोमिअर' म्हणतात. हर्मन मुलर यांनी १९३८ मध्ये ही संज्ञा योजली. डीएनएची प्रत तयार होताना टोकाचा शेवटचा अंश अपुरा राहतो, त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक टेलोमिअर आखूड होतो आणि अखेरीस पेशी विभाजन थांबविते. ही झीज भरून काढणारे विकर म्हणजे टेलोमरेज. कॅरल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना ते १९८४ मध्ये एका एकपेशीय जीवात सापडले. या संशोधनासाठी जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक लाभले.

बृहदांत्राचे अस्तर साधारणतः चार-पाच दिवसांत नवे होते. अस्तरातील खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी हे काम अखंड करतात व त्यांच्यात टेलोमरेज अल्प प्रमाणात कार्यरत असते. एपीसी जनुकात उत्परिवर्तन झाल्यास तेथे पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, वाढू लागतो. वाढीव विभाजनांमुळे त्यातील टेलोमिअर शेजारच्या निरोगी अस्तरापेक्षा बहुधा आखूड आढळतात. येथपर्यंत ही झीज शरीराची राखणच करते. परंतु पी५३ जनुकही निकामी झाले तर थांबण्याची आज्ञा पाळली जात नाही. उघडी पडलेली टोके परस्परांना चिकटतात, विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ताणून तुटतात, पुन्हा भलतीकडे जुळतात. या गोंधळात बहुतेक पेशी मरतात. जी एखादी टेलोमरेज जागृत करू शकते, तिचाच वंश पुढे अर्बुद होतो. म्हणजे जी झीज प्रारंभी अडसर होती, तीच नंतर कर्करोगाची वाट मोकळी करते. टेलोमिअरला सरसकट 'रक्षक' म्हणणारी पाठ्यपुस्तकी मांडणी म्हणूनच अपुरी वाटते.

१९९४ मध्ये बारा प्रकारच्या मानवी अर्बुदांच्या १०१ नमुन्यांपैकी ९० मध्ये टेलोमरेजची क्रिया आढळली, तर निरोगी कायिक ऊतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नाही. यावरून या विकराला रोखणारे औषध हाच उपाय, अशी आशा निर्माण झाली. ती सहज फळली नाही. विकर रोखले तरी टेलोमिअर पुरेसे झिजेपर्यंत अर्बुद वाढतच राहते. शिवाय रक्त व आतडे यांच्या मूलपेशींनाही त्याची गरज असते. इमेटेलस्टॅट या औषधास अमेरिकेत जून २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तीही अस्थिमज्जेच्या एका विकारातील रक्तक्षयापुरती. 'टेलोमिअर वाढविणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिरातींकडे तर संशयानेच पाहावे लागते.

महाराष्ट्रात या रोगाचे प्रमाण समान नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालते. बार्शी परिसरातील प्रमाण मुंबईहून कमी आहे. मात्र चांदवडसारख्या तालुक्याच्या गावी, तसेच शहरांतही, शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून महिने दवडले जातात. पॉलिपचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षांच्या आसपास अवधी लागतो. टेलोमिअरची झीज आणि टेलोमरेजची जागृती याच अवधीत घडते, आणि याच अवधीत दुर्बिणीने तपासणी करून पॉलिप काढूनही टाकता येतो.