ढोल-ताशा, पुण्याचा

मिरवणुकीत सामूहिक रीतीने केले जाणारे तालवादन. ढोल व ताशा ही त्यातील प्रमुख वाद्ये असून झांज आणि टोल साथीला असतात. कसबा पेठेचा गणपती हा पुण्याचा ग्रामदैवत व मानाचा पहिला गणपती. विसर्जन मिरवणुकीत त्याच्यापुढेही हे वादन होते.

ढोल कमरेला बांधून त्याच्या एका तोंडावर टिपरूने, तर दुसऱ्यावर हाताने आघात करतात. ताशा उथळ वाडग्याच्या आकाराचा असून तो गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवितात. लय ताशा ठरवितो व ढोल ती उचलतात. ठेक्यांच्या ठराविक रचनांना ‘हात’ म्हणतात.

या दोन वाद्यांची कुळे भिन्न आहेत. ढोल मावळ-मुळशीकडील खेड्यांत जत्रा व पालख्यांत वाजत आला. ताशाचे नाव फार्सी ‘तास’ (वाडगा) या शब्दाशी जोडले जाते व मोहरमच्या मिरवणुकांशी त्याचा निकटचा संबंध आहे. सार्वजनिक गणेशोत्सवापूर्वी पुण्यातील हिंदूही ताबुतांत सहभागी होत. १८९३-९४ नंतर ते गणेशोत्सवाकडे वळले, तरी मोहरमच्या मिरवणुकीची काही अंगे नव्या उत्सवात उतरली. उत्सवाच्या इतिहासात याची नोंद क्वचितच ठळकपणे होते. हाच ताशा गिरमिटिया मजुरांबरोबर कॅरिबियन प्रदेशात गेला. त्रिनिदादमध्ये तो ‘तासा’ नावाने मोहरमात आणि हिंदूंच्या विवाहांतही वाजतो. शेजारच्या सुरिनाममध्ये आफ्रिकी वंशीयांचे काविना ढोलवादन व ब्रास बँड यांच्या संयोगातून कासेको हे नृत्यसंगीत घडले. १९७० च्या दशकात त्याला फंक व डिस्कोचा स्पर्श झाला. पुण्याच्या ढोल-ताशाने मात्र विद्युत वाद्ये स्वीकारली नाहीत.

येथील बदल संघटनेचा आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने गणवेश, ध्वज व नियमित सराव यांची शिस्त रुजविण्यात मोठा वाटा उचलला. पुढे शाळा-महाविद्यालयांतील तरुण-तरुणींची पथके निघाली. त्यांचा सराव मुठेच्या पात्रात चालतो. संख्येने नाद वाढला, परंतु ताशाचे नाजूक काम शेकडो ढोलांच्या गजरात बुडते, आणि खेड्यातील मूळ वादकांचे नाव मागे पडले.

ध्वनिप्रदूषणाच्या कारणावरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पथकातील वादकांची संख्या ३० पर्यंत मर्यादित केली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली.