जाग येताच म्हणायचे धन्यवाद

जाग आली की धर्मपालन करणारा ज्यू माणूस अंथरुणातच ‘मोदे अनी’ म्हणतो. रात्री देवाच्या हवाली केलेला जीव परत मिळाला, याचे हे आभार. त्यात देवाचे नाव येत नाही, म्हणून हात धुण्याआधी म्हटले तरी चालते. मग भांड्याने दोन्ही हातांवर आळीपाळीने तीन-तीनदा पाणी घ्यायचे आणि ‘बिरखोत हशहर’, म्हणजे सकाळची आशीर्वचने, सुरू करायची. शौचाहून आल्यावरचेही एक आशीर्वचन आहे: देहातली छिद्रे देवाने शहाणपणाने घडवली, त्यातले एखादे भलत्या वेळी उघडले किंवा बुजले, तर माणूस तग धरणार नाही. प्रार्थनेत इतका रोखठोकपणा क्वचितच सापडतो.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या ‘बेराखोत’ या भागात एकेक आशीर्वचन एकेका कृतीला बांधलेले आहे. कोंबडा आरवला की त्याला रात्र-दिवस ओळखण्याची अक्कल देणाऱ्याचे आभार. डोळे उघडताना आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्याचे, उठून बसताना बांधलेल्यांना सोडवणाऱ्याचे, कपडे चढवताना उघड्यांना वस्त्र देणाऱ्याचे. पाय टेकले की पाण्यावर जमीन अंथरणाऱ्याचे. नांदेड-लातूरकडे पाय ठेवण्याआधी भुईला नमस्कार करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढे अनेकांना हे पाठ नसे, हातही स्वच्छ नसत, म्हणून सगळी मालिका सिनेगॉगमध्ये एकत्र म्हणण्याची रीत पडली. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू धर्मपंडिताला ते मान्य नव्हते: जे घडलेच नाही, त्याचे आशीर्वचन कशाला? रीत मात्र टिकली. खरा वाद आहे तो याच मालिकेत स्त्री म्हणून न घडवल्याबद्दल पुरुषाने आभार मानण्यावर. पुरुषावर धर्माज्ञा जास्त, हे त्याचे जुने समर्थन. सुधारणावादी पंथांना ते पटले नाही आणि त्यांनी शब्दच बदलले.

महाराष्ट्रात ही प्रार्थना मुख्यतः बेने इस्राएल या ज्यू समाजाची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले हे ‘शनवार तेली’ हिब्रू विसरले होते. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी उरली होती. बाकीचा प्रार्थनाक्रम त्यांच्याकडे आला तो शिकवणाऱ्यांकडून आणि पुस्तकांतून. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. पुढच्या शतकात कोचीहून शिक्षक आले आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. त्यामुळे पाठ हिब्रूत म्हणणाऱ्या घरांना त्याचा अर्थ मायबोलीत वाचता येऊ लागला.